गाळलेला परिच्छेद

“ताई, जरा अलीकडं या. तिथं उभं राहू नका.”

देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, चारी बाजूंनी पाणी असलेल्या वाळूच्या बेटावर कऱ्हाडकडची मराठी कानावर पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणून मी हललेच नाही, नुसतं वळून पाहिलं. पंचेचाळिशीचा एक उंच माणूस, अंगावर सीमेवरच्या दलाचा गणवेश, हातात बांबू. तो पुढे आला, माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरला आणि मला तीन-चार पावलं मागे ओढलं.

“आता बघा,” तो म्हणाला.

मी उभी होते तिथे त्याने बांबूने टोचलं. गवतासकट पलंगाएवढा तुकडा सुटला आणि खाली गेला. धप्प झालं नाही, काही नाही. पाणी तांबूस झालं, पुन्हा होतं तसं झालं.

“पाणी कमी असताना ही तऱ्हा. पावसाळ्यात बघायला पाहिजे तुम्ही.”

त्याचं नाव हणमंत डुबल. खागडाचर चौकीचा प्रमुख. नदीतल्या अशा वाळूच्या बेटाला तिकडे चर म्हणतात. त्याच्या हाताखाली अकरा जवान. नदीच्या पलीकडे दुसरा देश, आणि अलीकडच्या काठाला जायला होडीने पाऊण तास.

मी त्या वेळी दिल्लीत संसदेच्या सचिवालयात समिती अधिकारी होते. त्याला आता तेवीस वर्षं झाली. सरकार दर वर्षी खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे ठेवतं. सीमेवरच्या दलांचा पैसाही त्यातच येतो. लोकसभेने मत देण्याआधी खासदारांची एक समिती त्या तपासते, सचिवांना बोलावून प्रश्न विचारते, जागेवर जाऊन पाहते आणि अहवाल देते. प्रश्न काढून देणं, साक्षी उतरवून घेणं, अहवाल लिहिणं हे काम आमचं. सही अध्यक्षांची. मी मूळची मिरजेची, हेमलता कुंभोजकर. वय बत्तीस, लग्न केलेलं नाही, आणि आपण लिहिलेलं वाचलं जातं यावर तोवर पूर्ण विश्वास होता.

त्या फेब्रुवारीत समिती सीमा पाहायला आली होती. चौकीचा मनोरा ताजा रंगवलेला होता. काठाला सहा होड्या ओळीने बांधलेल्या. सहसचिव रस्तोगी नकाशापुढे काठी फिरवून माहिती देत होते. खासदार खुर्च्यांवर बसून चहा घेत होते. आमच्या समितीत एक मराठी खासदार होते, आबासाहेब चिंचणीकर. त्यांच्याशी मी दोन वाक्यं मराठीत बोलले, ती डुबलने ऐकली असावीत. जेवणाआधी सगळे मनोऱ्यावर चढले. मला उंचीची भीती वाटते, म्हणून मी बराकीच्या मागे फिरायला गेले होते, आणि तिथे त्याने मला गाठलं.

“तुम्ही लिवता ते वर जातं का, ताई?”

“जातं. लोकसभेत मांडलं जातं.”

“मग एवढं दाखवतो. दहा मिनिटं लागतील.”

त्याने मला काठाकाठाने नेलं. जमिनीत बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. प्रत्येक खुंटीवर चाकूने तारीख कोरलेली. पहिल्या खुंट्या दिसत नव्हत्या. त्या होत्या तिथे आता पाणी होतं.

“मी आलो तवा बराकीपासनं काठ शंभरावर पावलं लांब हुता. गेल्या पावसाळ्यात चाळीस पावलं गेला. आता बराकीच्या भिंतीपासनं साठ उरलीत. मनोऱ्यापासनं पन्नास.”

“आणि तुम्ही कळवलंत वर?”

“तीनदा. तिन्ही येळा एकच उत्तर, निधी उपलब्ध नाही.” त्याने बांबूने होड्यांच्या दिशेला खूण केली. “त्या होड्या बघितल्या न्हवं? त्यातली आमची एक. बाकी पाच आजच्यापुरत्या आणल्यात. साहेब लोक गेले की त्या पण जाणार. आमच्या एकीचं इंजिन कधी चालतं, कधी न्हाई. रात्री पाणी चढलं तर बारा माणसं एका होडीत मावायची न्हाईत.”

मी वहीत लिहीत होते. तो माझ्या पेनकडे पाहत होता.

“माझं म्हणणं एवढंच, की पावसाळ्याच्या आत चौकी हलवा. मागं दोन मैलांवर उंच चर हाय, तिथं न्या. न्हाईतर निदान दोन धड होड्या द्या. पण माझं नाव नका घालू.”

“नाही घालणार,” मी म्हणाले.

मनोऱ्यावरून कुणीतरी हाक मारली. तो बांबू खांद्यावर टाकून निघून गेला. जेवताना तो वाढणाऱ्यांच्या मागे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

परतीच्या होडीत मी आबासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याकडे बघत मान हलवली.

“बाई, प्रश्न काढून द्या मला. साक्षीच्या दिवशी मी विचारतो. आपला कऱ्हाडचा माणूस आहे, वाऱ्यावर सोडायचा नाही.”

दिल्लीत येऊन मी कागद काढले. नदीकाठच्या चौक्यांसाठी आदल्या वर्षी लोकसभेने पैसे मंजूर केलेले होते. निविदा वेळेत निघाल्या नाहीत, म्हणून वर्षाअखेर ते खर्च न होता परत गेले होते. डुबलला “निधी उपलब्ध नाही” असं कळवणारं तिसरं पत्र, त्याने सांगितल्याप्रमाणे, त्याच महिन्यातलं होतं. मी तो प्रश्न चार ओळींत टाइप केला आणि आबासाहेबांच्या हातात दिला.

मार्चअखेरीस साक्ष झाली. लांब टेबलाच्या एका बाजूला खासदार, समोर मंत्रालयाचे अधिकारी. आबासाहेबांची पाळी आली. माझा कागद त्यांच्यापुढे होता. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा करून ठेवला आणि विचारलं, “आमच्या भागात या दलाची भरती कधी घेणार?”

रस्तोगींनी लगेच उत्तर दिलं, “यंदाच घेऊ. ऑगस्टमध्ये.”

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं.

“आबासाहेब, तो प्रश्न?”

“बाई, रागावू नका.” त्यांनी आवाज खाली आणला. “काल रस्तोगी घरी आले होते. चारशे पोरं भरती होतील माझ्याकडची. चारशे घरं. तुमचा तो डुबल अशाच एखाद्या भरतीत लागला असेल की. आणि अहवाल तुम्हीच लिहिताय ना? त्यात घाला. मी काही आडवा येत नाही.”

मी घातलं. मसुद्यात चौथ्या भागाचा सतरावा परिच्छेद. काठ किती गेला, किती उरला, पैसे कसे परत गेले, आणि शेवटी: ‘पावसाळ्यापूर्वी ही चौकी मागच्या उंच चरावर हलवावी, अशी समितीची शिफारस आहे.’ अध्यक्षांनी मसुदा चाळला आणि पानावर बरोबरची खूण केली. मला वाटलं, झालं.

नियमाप्रमाणे मसुदा तपशील तपासण्यासाठी मंत्रालयाकडे गेला. आकडे चुकले असतील तर ते दुरुस्त करतात. चार दिवसांनी तो कागदांच्या गठ्ठ्यात परत आला नाही. रस्तोगी स्वतः घेऊन आले.

ते माझ्या टेबलापुढे बसले. अतिशय सभ्य माणूस. चहा मागवला तर नको म्हणाले, पाणी घेतलं. माझे संचालक माथूर साहेबही येऊन शेजारी उभे राहिले.

“लिहिलंय छान,” रस्तोगी हिंदीत म्हणाले. “पण कुंभोजकरजी, हा अहवाल छापला जाणार. पलीकडेही तो वाचला जातो. कुठल्या चौकीत किती माणसं, किती होड्या, जागा किती कच्ची, हे आपणच त्यांना सांगायचं?”

“आकडे काढून टाकते. शिफारस राहू द्या.”

“शिफारस राहिली तर कारण विचारलं जाईल.” ते हसले. “आणि एक विचारायचं होतं. साठ पावलं हा आकडा आमच्या कुठल्याच कागदात नाही. तुम्हाला कुणी सांगितला?”

मी माथूर साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“मी स्वतः चालून मोजला,” मी म्हणाले.

“एकट्याच?”

“एकटीच.”

त्यांनी ग्लास खाली ठेवला. “तुमच्या पिशवीचा पट्टा धरून कुणीतरी तुम्हाला काठावरून ओढलं, असं मनोऱ्यावरून दिसलं मला. काळजीने ओढलं असेल. चांगलाच माणूस असणार.” मग ते उठले. “सुरक्षेच्या कारणावरून हा परिच्छेद गाळावा, असं आम्ही लेखी कळवलंय. बाकी समितीची मर्जी.”

ते गेल्यावर माथूर साहेब म्हणाले, “गाळून टाक, हेमलता. अध्यक्षांशी मी बोललोय.”

“सर, तिथे बारा माणसं आहेत.”

“आणि मंत्रालयाचं पत्र आहे. उद्या पलीकडून काही झालं आणि आपण हे छापलेलं निघालं, तर? मी वर्षभरात निवृत्त होतोय.”

मी लाल पेन घेतलं. सतराव्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि त्या जागी माझ्याच अक्षरात लिहिलं: ‘समितीने खागडाचर चौकीला भेट दिली. तेथील सज्जता समाधानकारक आढळली.’ खोडलेलं पान फाईलमध्ये न ठेवता मी घडी करून पिशवीत घातलं. का, ते त्या वेळी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

एप्रिलच्या शेवटी मागण्या मंजूर झाल्या. बहुतेक मंत्रालयांवर चर्चा होतच नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाजता उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. संसदेत त्याला गिलोटिन म्हणतात. हजारो कोटी काही मिनिटांत. मी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसले होते. खाली आवाजी मतदान झालं, माणसं उठून चहाला गेली.

मे गेला, जून गेला. वर्तमानपत्रात पूर्वेकडच्या पुराच्या बातम्या यायला लागल्या की मी पान उलटायची. एकदा न राहवून खागडाचरच्या वरच्या ठाण्याला कार्यालयातून फोन लावला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, “सगळं ठीक आहे. आपण कोण?” मी फोन ठेवून दिला.

सप्टेंबरमध्ये डुबलचं पत्र आलं. पाकिटावर नुसतं ‘कुंभोजकर ताई, पार्लमेंट, दिल्ली’ एवढंच होतं, तरी पोचलं होतं.

त्याने लिहिलं होतं: ‘जुलैच्या नऊ तारखेला सकाळी काठ बराकीपासून सहा पावलांवर आला. मी वायरलेसवर हुकूम मागितला. वाळूची पोती टाका, जागा सोडू नका, असं उत्तर आलं. आमच्याकडं पोती चाळीस. अकरा वाजता मनोऱ्याच्या खाली चीर पडली. मी मच्छीमारांच्या दोन होड्या थांबवल्या आणि सगळ्यांना बसवलं. बंदुका घेतल्या. वायरलेस आणि दारूगोळ्याची पेटी राहिली. पाच वाजता चौकी गेली. आम्ही मागच्या चरावरून बघत होतो. माणूस एकही गेला नाही. आता माझ्यावर खटला आहे. हुकमाशिवाय चौकी सोडली, पोत्यांचं काम टाकलं म्हणून चौकी गेली, सीमा एक रात्र उघडी राहिली. मी आधी तीनदा कळवलं होतं, ते कागद सापडत नाहीत म्हणतात. ताई, तुम्ही त्या दिवशी लिहून घेतलं होतं. त्यातलं काही असेल तर द्या. नाव घालू नका म्हणालो होतो, ते आता सोडा.’

ते पत्र मी घरी नेलं, कपाटात ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. समितीचे कागद बाहेर दाखवणं हा गुन्हा होता. नोकरी गेली असती. मिरजेला आई होती, तिचा खर्च माझ्यावर. आठ दिवस असेच गेले. मग रजेचा अर्ज दिला, कारण म्हणून ‘घरगुती’ लिहिलं, आणि पूर्वेकडच्या गाडीचं तिकीट काढलं.

चौकशी दलाच्या तळावर होती. पत्र्याचं छप्पर असलेली लांब खोली, वर पंखा, टेबलामागे तीन अधिकारी. मधले चौकशीप्रमुख, केस पिकलेले, शांत. डुबल एका बाजूला सावधानमध्ये उभा होता. खूप वाळला होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. तो उजेड मी आजही विसरलेले नाही.

मी पिशवीतून पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, “हा समितीच्या अहवालाचा मसुदा आहे. एप्रिलमध्ये लिहिलेला. काठ कसा तुटतोय, जागा किती उरलीय, सगळं यात आहे. म्हणजे धोका सगळ्यांना आधीपासून माहीत होता. यांनी घाबरून चौकी सोडलेली नाही.”

प्रमुखांनी पान सावकाश वाचलं. दोनदा. शेजारच्यांना दिलं.

“हा परिच्छेद छापील अहवालात आहे?”

“नाही. गाळला.”

“कुणी?”

“समितीने. मंत्रालयाच्या सांगण्यावरून.”

“म्हणजे समितीने विचार केला आणि हे ठेवण्यासारखं नाही असं ठरवलं. त्या जागी काय आहे?”

त्यांच्यापुढे छापील अहवाल होताच. त्यांनी पान काढून वाचलं, “‘सज्जता समाधानकारक आढळली.’ हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“बरं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता मला सांगा, चौकीची जागा, माणसांची संख्या, होड्यांची अवस्था. ही माहिती तुम्हाला कुणी दिली?”

डुबलने माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. तो ‘सांगा’ म्हणत होता. पत्रात त्याने तेच लिहिलं होतं. आणि मला वाटलं, हेच तर सांगायला मी आले आहे. याने आधीच सांगितलं होतं, हीच तर याची बाजू.

“यांनी,” मी म्हणाले. “डुबल यांनी स्वतः मला फिरवून सगळं दाखवलं.”

“वरिष्ठांच्या परवानगीने?”

“वरिष्ठ ऐकत नव्हते म्हणून.”

“म्हणजे परवानगी नव्हती.” त्यांनी शेजारच्याला खूण केली. तो लिहायला लागला. “आणि हे शेवटचं वाक्य, ‘पावसाळ्यापूर्वी चौकी हलवावी’. हे तुमचं की यांचं?”

मी आता सावध झाले होते. पण उशीर झाला होता.

“समितीची शिफारस...”

“समितीने केलीच नाही ती. शब्द कुणाचे?”

बाहेर कुठेतरी शिट्टी वाजली, कवायत सुटली असावी. पंखा फिरत होता. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात डुबलच म्हणाला, “माझे, सर.”

“म्हणजे फेब्रुवारीतच तुमच्या मनात चौकी सोडायचं होतं. पाच महिने आधी.” प्रमुख रागावले नव्हते. उलट त्यांचा आवाज कामातून मोकळं झाल्यासारखा होता. “आणि ते तुम्ही एका बाहेरच्या व्यक्तीला, सीमेवर उभं राहून सांगितलंत. धन्यवाद, मॅडम. हा कागद आमच्याकडे राहील.”

मी ते पान परत घ्यायला हात पुढे केला. खरंच केला. शेजारच्या अधिकाऱ्याने ते उचलून फाईलमध्ये लावलं.

व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभी होते. थोड्या वेळाने त्याला बाहेर आणलं, बरोबर एक शिपाई होता. शिपायाने पाठ फिरवली आणि विडी पेटवली. आम्हाला दोन मिनिटं द्यायची असावीत.

“डुबल, मी तुम्हाला बुडवलं.”

“न्हाई, ताई. मीच बोलावलं तुम्हाला.” त्याने बुटाचा चिखल पायरीच्या कडेला पुसला. “मला वाटायचं, एकदा कागदावर आलं की कुणीतरी वाचंल. वाचलं की. पण असं वाचतील ते न्हाई आलं डोस्क्यात.”

“तुम्ही अकरा जणांना वाचवलंत.”

“त्यातल्या दोघांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली,” तो म्हणाला. “दिली तर दिली. त्यांची पोरं लहान हायत. त्यांना तसं सांगितलं असंल.” मग तो एकदम म्हणाला, “गाडी किती वाजता तुमची? इथला टांगेवाला स्टेशनाचे दुप्पट मागतो, देऊ नका.”

जानेवारीत त्याला बडतर्फ केलं. तेवीस वर्षांची नोकरी, पेन्शन सगळं गेलं. हुकमात लिहिलं होतं की त्याने संवेदनशील माहिती बाहेर दिली आणि पूर्वनियोजित रीतीने आपली चौकी सोडली, व वारंवार आदेश देऊनही तो चौकीवर परतला नाही. मला ताकीद मिळाली आणि ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सूची करण्याच्या कामावर टाकलं. माथूर साहेब ठरल्या दिवशी निवृत्त झाले. त्यांनी जाताना मला एक पेन दिलं, मी ते घेतलं.

त्याच मार्चमध्ये नव्या वर्षाच्या मागण्यांचे ग्रंथ सूची करण्यासाठी माझ्याच टेबलावर आले. जाड, बारीक अक्षरांचे. सीमेच्या दलांचं प्रकरण चाळताना माझं बोट एका ओळीवर थांबलं. ‘खागडाचर चौकी: काठाचे संरक्षण, बराकीची पुनर्बांधणी, दोन यांत्रिक होड्या.’ डुबलने तीनदा मागितलेलं सगळं होतं.

मी त्या विभागाला फोन केला.

“ही चौकी आता नाहीये,” मी म्हणाले.

“नाही म्हणजे? आमच्या यादीत आहे.”

“गेल्या जुलैमध्ये नदीने नेली ती.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. “बंद केल्याचा आदेश कुठाय, मॅडम? आदेश निघेपर्यंत चौकी आहेच. शिवाय...” तो काहीतरी वाचत होता. “एका प्रमुखाला तिथे परतला नाही म्हणून काढलंय. चौकी नसती तर परत कुठे जाणार होता तो?”

त्या वर्षीही गिलोटिनच होतं. मी वरच्या सज्जात जाऊन बसले, कुणी अडवलं नाही. सहाला पाच मिनिटं असताना लोकसभेच्या अध्यक्षांनी मागण्यांचे क्रमांक वाचायला सुरुवात केली. “बाजूने असलेल्यांनी हो म्हणावं.” खालून ‘हो’ आला. आबासाहेब दुसऱ्या रांगेत बसले होते, तेही म्हणाले. विरोधात कुणीच नव्हतं. नऊ मिनिटांत सगळं मंजूर झालं, मग पैसे काढायचं विधेयकही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला दलाचं एक परिपत्रक सूचीसाठी मिळालं. खागडाचर चौकी त्याच चराच्या उरलेल्या भागावर पुन्हा उभी केली होती. उंच चरावर नाही. मंजुरी खागडाचरची होती. पंधरा जूनपासून तिथे नवीन तुकडी नेमली होती.

डुबल तेव्हा गावी होता, नदीवरच्या पाणीयोजनेच्या पंपावर रखवालदार. त्याच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात होता, तो नंबर त्याने मला एकदा पाठवला होता. मी कार्यालयाबाहेरच्या बूथवर गेले, दुकानदाराला निरोप दिला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन लावला. डुबल धापा टाकत फोनवर आला.

मी परिपत्रक वाचून दाखवलं.

“त्याच चरावर?” शेवटी त्याने विचारलं.

“हो.”

“किती जण?”

“बारा.”

फोनमध्ये दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी साखर मागत होतं. मला वाटलं, तो आता मला काहीतरी बोलेल. एवढ्या दिवसांचं सगळं. मी त्याची वाट बघत कानाला फोन लावून उभी होते.

“ताई,” तो म्हणाला, “त्या कागदावर नव्या प्रमुखाचं नाव असंल.”

“आहे. पण हे असं बाहेर...”

“मला ठाऊक हाय.” त्याचा आवाज अजिबात चढला नाही. “नाव आणि पत्ता सांगा. सावकाश सांगा, मी लिवून घेतो. आज बारा तारीख. पत्र जायला आठ दिवस लागतात.”

बूथवाला काचेवर टकटक करत होता, मागे दोघे रांगेत उभे होते. मी परिपत्रक काचेला टेकवून धरलं आणि एकेक अक्षर सांगायला लागले.